कागदातून गेलेली काठी

आमच्या बेळगावकडं पोलीस स्टेशनची पायरी चढायची वेळ आली की घरात आधी शोधाशोध होते ती सोबत न्यायच्या माणसाची. तक्रार काय, कुणाविरुद्ध, ते नंतर. आधी माणूस. त्याला कानडी लिहा-वाचायला यायला पाहिजे, दोन-चार खाकीवाल्यांशी तोंडओळख पाहिजे आणि मुख्य म्हणजे दिवसभर बसून राहायला तो मोकळा पाहिजे. मग कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठतंय, कुणी पंचायत मेंबरला, कुणी रिटायर झालेल्या मास्तरांना. आमच्या नात्यागोत्यात हे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडं आलंय, कारण शाळेत कानडी नीट शिकलो आणि पुढं उद्यमबागच्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळताना बिलं, चलनं, नोटिसा सगळं कानडीतच हाताळलं. बोलता तर बेळगावात सगळ्यांनाच येतं, बाजारापुरतं. वाचता येणारे कमी, आणि वाचून झाल्यावर 'साहेब, हे असं नाही झालं' म्हणणारे अगदीच कमी.

भाषेचं भांडण उकरायला हे लिहीत नाही, आधीच सांगून ठेवतो. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात टाकलेला सीमेचा दावा लागेल तेव्हा लागेल. पलीकडं जत-अक्कलकोटच्या कानडी शेतकऱ्यापुढं मराठी कागद येतो तेव्हा त्याचीही हीच गत होत असणार. आणि इथल्या स्टेशनात पोलीस मराठी बोलत नाहीत असंही नाही, चांगलं घरच्यासारखं बोलतात, 'बसा की मामा, काय झालं सांगा' असं म्हणूनच सुरुवात होते. बोलणं सगळं मराठीत होतं आणि कागद होतो कानडीत, आणि या दोन्हीच्या मधे जी जागा उरते ना, माझ्या मते आमच्याकडचा निम्मा गैरकारभार तिथंच राहतो. पैसे खाणं वगैरे त्याच्या नंतर येतं.

गेल्या वर्षी पेरणीच्या वेळची गोष्ट. गावाचं आणि स्टेशनचं नाव घालत नाही. मामाच्या शेजारच्या शेतवाल्यानं ट्रॅक्टर फिरवताना बांध वीतभर आत घेतला, मामा विचारायला गेले, शब्दाला शब्द लागला आणि त्या शेजाऱ्याच्या पोरानं मामांच्या डोक्यात काठी घातली. सरकारी दवाखान्यात टाके पडले, तिथं एमएलसी झाली म्हणजे मारहाणीची केस म्हणून दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि डोक्याला पट्टी बांधलेले मामा स्टेशनात रायटरच्या टेबलापुढं. रायटर म्हणजे स्टेशनची लिखापढी करणारा पोलीस, वयानं माझ्याएवढाच असेल, टेबलावर डिंकाची बाटली, शाईचा पॅड, रबरी शिक्क्यांचा डबा, कॉम्प्युटरवर नुडी, म्हणजे कानडी टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्यानं चहा सांगितला. मामांचं सगळं ऐकून घेतलं, मधे मधे 'हं', 'मग?', 'अरेरे' असं पण केलं, खटाखटा टाईप केलं, प्रिंट काढली आणि पेन मामांच्या हातात देऊन म्हणाला, इथं खाली सही करा.

मामा सही करायला वाकले पण. मी म्हटलं थांबा, वाचतो. पानभर मजकूर. मामांचं नाव, बापाचं नाव, वय, जात, धंदा, सर्व्हे नंबर, सगळं बिनचूक, आणि मग एक वाक्य, ज्याचा अर्थ असा की शेताच्या हद्दीवरून दोघांत बोलाचाली होऊन झटापट झाली आणि त्यात तोल जाऊन खाली पडल्यानं तक्रारदाराच्या डोक्याला मार लागला. काठी नाहीच! पोरगं पण नाही. मामा आपले आपणच पडलेले.

मी विचारलं तर रायटर जराही चिडला नाही. म्हणाला, 'कशाला वाढवायलाय ओ, शेजारी आहेत, उद्या एकाच पाटाचं पाणी घ्यायचं आहे. काठी घातली की केस मोठी होती.' आणि इथं तो शंभर टक्के खरं बोलत होता. नव्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५(२), एक वर्षापर्यंत शिक्षा, अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. तीच दुखापत धोकादायक हत्यारानं केली की ११८(१), तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र, एफआयआर घ्यावाच लागतो. आता काठी धोकादायक हत्यार आहे का हे कशी काठी, कुठं मारली यावर ठरतं, आणि डोक्यात घालून टाके पडलेत म्हटल्यावर ते ठरवायला फार डोकं लागत नाही. पण कागदावर काठीच नसली तर ठरवायचं तरी काय. म्हणजे एका काठीवर अख्खी केस उभी आणि ती काठी ठेवायची का काढायची हे डिंकाच्या बाटलीमागं बसलेला एक माणूस ठरवणार, ना कोर्ट, ना वकील, ना साहेब. त्यानं आमच्याकडं एक रुपया मागितला नाही हेही सांगायला पाहिजे. पंचायतीच्या एका मेंबराचा सकाळीच फोन येऊन गेला होता असं नंतर कळलं, खरंखोटं देव जाणे.

कायद्यात हे सगळं बंद केलेलं आहे बरं का. सांगितलेली माहिती लिहून घ्यायची, ज्यानं सांगितली त्याला वाचून दाखवायची, मग सही, आणि प्रत फुकट द्यायची. पूर्वी सीआरपीसीच्या १५४ मधे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मधे आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घेतलाच पाहिजे हे ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी २०१३ लाच सांगून झालंय. पण आमच्याकडं मधेच 'पिटिशन' नावाचा प्रकार आहे. तुमची तक्रार एफआयआर न करता पिटिशन म्हणून घ्यायची, दोन्ही पार्ट्यांना बोलवायचं, दम द्यायचा, कॉम्प्रो म्हणजे तडजोड करायची, आणि शेवटी एक एंडोर्समेंट हातात द्यायची की बाबा तुमची तक्रार बघितली, मिटलं. साध्यासुध्या माणसाला त्या एंडोर्समेंटवरचा शिक्का बघून वाटतं केस झाली. कित्येक जण तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवतात.

नव्या संहितेनं त्यात आणखी एक फट ठेवलीय, तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. हेतू चांगला असेल, खोट्या केसी खूप होतात हे खरंच आहे. पण चौदा दिवसांत गावात किती फोन फिरतात हे ज्यानं कायदा लिहिला त्यानं बघितलेलं नाही.

चांगलं पण झालंय काही, नाही असं नाही. झिरो एफआयआर आता कायद्यातच आला. हद्द तुमची नसली तरी तक्रार घ्यायची आणि पुढं पाठवायची. सीमेवरच्या माणसाला याची किंमत विचारा. वेंगुर्ला रोडला बाची इकडं आणि शिनोळी तिकडं, मधे दोन पावलं. तिथं रात्रीचा ॲक्सिडेंट झाला, गाडी गेली चोरीला, की पूर्वी इकडचे म्हणायचे चंदगडला जावा आणि तिकडचे म्हणायचे बेळगावला जावा. सुप्रीम कोर्टात दोन्ही राज्यांना जमीन पाहिजे, ॲक्सिडेंट मात्र कुणालाच नको!

तर मामांची सही मी होऊ दिली नाही. घरी आलो, मराठीत अर्ज लिहिला, दोन प्रती, एमएलसीची झेरॉक्स जोडली आणि एसपींना रजिस्टरनं पाठवला. स्टेशननं नाकारलं तर तक्रार पोस्टानं एसपींना पाठवायची सोय त्याच १७३ कलमात आहे, तिथूनही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. आणि मराठीत का, तर घटनेच्या ३५० व्या कलमात आहे की गाऱ्हाणं मांडायचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मामा म्हणाले, 'घटनेत असेल रे बाबा, टपाल फोडणाऱ्याला ठाऊक आहे काय?' ठाऊक होतं म्हणायचं, किंवा कुणीतरी वाचून सांगितलं असेल, काही दिवसांनी फोन आला आणि एफआयआर झाला. काठीसकट. त्याच दिवशी समोरच्या पार्टीची काउंटर केस पण झाली, की मामांनीच आधी दगड मारला. हा पण इथला रिवाजच आहे, एक घेतली की दुसरी घ्यायची, म्हणजे तराजू सरळ राहतो आणि दोघांनाही कॉम्प्रोला बसवता येतं.

कागदाची ही गोष्ट शेतकऱ्यापुरती आहे असं कुणी समजू नये. २०२२ च्या एप्रिलमधे हिंडलग्याच्या कामाचं प्रकरण देशभर गाजलं. जत्रेच्या आधी गावात रस्ते-गटारांची कामं केली, चार कोटींची, आणि बिल निघायला तेव्हाचे ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांच्या माणसांनी चाळीस टक्के कमिशन मागितलं असा आरोप करून आमच्या भागातल्या एका कंत्राटदारानं उडुपीच्या लॉजमधे आयुष्य संपवलं. मंत्र्यांनी आरोप नाकारला, राजीनामा दिला, आणि काही महिन्यांत पोलिसांनी बी रिपोर्ट दाखल केला, म्हणजे पुरावा नाही, क्लीन चिट. खरं काय ते मी कोण सांगणार. मला त्यात खटकलेली गोष्ट वेगळीच होती. सरकार म्हणालं या कामांची वर्क ऑर्डरच नव्हती. रस्ते जमिनीवर आहेत, लोक त्यावरून जत्रेला गेले, आणि कागदावर ते काम झालेलंच नाही. तोंडी शब्दावर करोडोचं काम करायची पद्धत पडली कशी, किती लेव्हलच्या ऑफिसरांना ते दिसत होतं, याची चौकशी कुणी केली? तिथं पण तेच. बोलणं एक, लिहिणं दुसरं, आणि मधल्या जागेत एक माणूस गेला.

मग भ्रष्टाचाराच्या तक्रारी बघणारा लोकायुक्त कशाला आहे, असं कुणी विचारेल. आमच्या पेपरात आठवड्याला एखादी तरी बातमी असतेच, अमुक तलाठी, तमुक पीडीओ म्हणजे पंचायतीचा अधिकारी, एखादा पीएसआय लोकायुक्तांच्या जाळ्यात. लोक चवीनं वाचतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावून देतात, साहेबानं नोटा घेतल्या की हात सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावायचे, पाणी गुलाबी झालं की पंचांसमोर बाटलीत भरून सील. बघायला भारी आहे. पण ट्रॅप लावायला आधी कुणीतरी तक्रार द्यावी लागते, आणि रोज त्याच टेबलाशी ज्याचं काम आहे तो कशाला देईल? त्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा पण गुन्हेगार, बळजबरीनं दिली असेल तर सात दिवसांत जाऊन सांगा म्हणे. आणि ट्रॅपनंतर खटला चालवायला वरिष्ठांची मंजुरी, मग वर्षं, मग साक्षीदार फिरतो. साक्षीदार फिरला तरी बाकीच्या पुराव्यावरून लाच मागितल्याचं सिद्ध होऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ ला सांगितलंय, तेवढाच आधार. शिवाय पैसे न घेता नुसती काठी काढून टाकणाऱ्याचे हात कुठल्या पाण्यात बुडवायचे.

लोकायुक्ताची स्वतःची कहाणी पण ऐकण्यासारखी. कायदा १९८४ चा, संतोष हेगडेंच्या २०११ च्या खाण अहवालानं मुख्यमंत्र्याला घरी पाठवलं, सगळ्या देशात नाव झालं. पुढं २०१५ मधे लोकायुक्तांच्याच मुलाला खंडणीच्या केसमधे अटक झाली, त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि सरकारला तेवढंच निमित्त. २०१६ मधे एसीबी, म्हणजे वेगळी लाचलुचपतविरोधी शाखा, काढली, ती सरकारच्याच हाताखाली. २०२२ च्या ऑगस्टमधे हायकोर्टानं ती एसीबीच रद्द केली आणि अधिकार परत लोकायुक्त पोलिसांना दिले. म्हणजे सहा वर्षं चोरानं आपल्याच घरात चौकी बसवल्यासारखं चाललं होतं, आणि गावात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता, आमच्याकडं त्या काळात पण लोक 'लोकायुक्तला पकडलं'च म्हणत होते.

वंटमुरीचं लिहावं का नको असा विचार करत होतो. डिसेंबर २०२३. पोरगा आणि पोरगी पळून गेले म्हणून पोराच्या आईला घरातून ओढून काढून विवस्त्र करून विजेच्या खांबाला बांधलं. बेळगावपासून किती लांब? हायवेला लागलं की आलंच. आणि त्या आठवड्यात सुवर्ण विधानसौधमधे हिवाळी अधिवेशन चालू, अख्खं सरकार, सगळे मंत्री, हजारो पोलीस बेळगावात बंदोबस्ताला. काकती स्टेशनच्या इन्स्पेक्टरला हलगर्जीपणासाठी सस्पेंड केलं, तपास सीआयडीकडं गेला. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, आमच्या निपाणीचे. कोर्ट म्हणालं एवढी माणसं उभी राहून बघत होती आणि मधे पडला तो एकच, बघत उभं राहणाऱ्या गावाकडूनच दंड वसूल केला पाहिजे. वाचून बरं वाटलं होतं, पण नंतर विचार करत गेलो तसं तेवढं सोपं वाटेना. बघत राहिलेल्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण ११२ ला फोन केला की आपलं नाव लिहिलं जाईल, साक्षीला बोलावतील, तिथं काय लिहितील ते वाचता येणार नाही, उद्या काउंटरमधे आपलंच नाव, ही भीती कुणी घातली लोकांच्या मनात? गावाला दंड करा, जरूर करा. सोबत त्या भीतीचं पण बिल कुणाच्या तरी नावावर फाडा.

अटकेच्या बाबतीत मात्र आता एक मोठी गोष्ट झालीय. २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या वरळीच्या हिट अँड रन केसमधून निकाल दिला की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, तेव्हाच्या तेव्हा जमलं नाही तर रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी. समजणाऱ्या भाषेत! मी तो भाग दोनदा वाचला. खटला मुंबईचा, पण हे वाक्य आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. बेळगावात ते पाळलं गेलं तर हिंडलगा जेलच्या दारात 'पोराला कशासाठी आत घातलंय तेच कळत नाही' म्हणून बसलेल्या आयांची संख्या कमी होईल. पण मग मनात येतं, आरोपीला त्याच्या भाषेत कागद मिळणार आणि ज्याचं डोकं फुटलं त्या फिर्यादीला मात्र 'इथं सही करा' एवढंच?

मला फार मोठी सुधारणा नको आहे. फिर्याद वाचून दाखवायची म्हणून कायदा सांगतोच, ते वाचून दाखवणं फिर्यादीच्या भाषेत करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, झालं. झडतीचं व्हिडिओ शूटिंग नव्या संहितेनं सक्तीचं केलंय, मग हे पाच मिनिटांचं का जमू नये. कागद कानडीतच राहू दे, राज्याची भाषा आहे, त्यात वावगं काही नाही. स्टेशनात कॅमेरे पण आहेत की. २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं लॉकअप, व्हरांडा, इन्स्पेक्टरची खोली, सगळीकडं कॅमेरे आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, निदान वर्षभर तरी. मामांच्या वेळी रायटरच्या डोक्यावर एक कॅमेरा होता. चालू आहे का विचारलं तर म्हणाला, 'दिवा लागतोय की.'

आता ताजी खबर. एफआयआर आणि काउंटर दोन्ही झाल्यावर 'शांतता भंग होऊ नये म्हणून' दोन्ही घरांना तहसीलदारांची नोटीस आली, बाँड लिहून द्यायला या म्हणून. याला आमच्याकडं एकशेसात लावली म्हणतात, नव्या संहितेत आता ते १२६ झालंय पण म्हणायला सगळे एकशेसातच. एक नोव्हेंबरचा काळा दिन आला, गणपती आले की मराठी पोरांना ही नोटीस ठरलेली, त्यामुळं सगळ्यांच्या तोंडात बसलेला आकडा. यात गंमत अशी की पोलीस पण सरकारचे आणि ऐकून निकाल देणारे तहसीलदार पण सरकारचेच, त्यामुळं कुणी फारसं ऐकायच्या भानगडीत पडत नाही.

तारखेला गेलो तर मामा आणि तो शेजारी एकाच बाकावर, कारण बाक एकच होता. पहिला अर्धा तास दोघं दोन टोकाला. मग शेजाऱ्यानं तंबाखूची पुडी काढली, मामांनी न बोलता हात पुढं केला. कारखान्यानं अजून मागचं उसाचं बिल दिलेलं नाही यावरून सुरुवात झाली आणि मग दोघं मिळून कारखान्याच्या चेअरमनला शिव्या घालायला लागले, मी मधे बसून नोटिशीची झेरॉक्स सांभाळत होतो. दीडच्या सुमाराला शिपाई आला, साहेब मीटिंगला बेळगावला गेलेत, पुढची तारीख घ्या. मामांनी विचारलं, मग आमचं आज आल्याचं कुठं लिहून घेणार? शिपाई म्हणाला, 'त्याची काय गरज नाही, आम्ही बघितलंय की तुम्हाला.' त्यावर शेजारी पण उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'नाही नाही, लिहून द्या, उद्या गैरहजर म्हणून वॉरंट काढशीला.' मग त्या दोघांनी मिळून त्या शिपायाला असा धरला की शेवटी आतून क्लार्क आला, वही उघडली, दोघांची नावं एकाखाली एक लिहिली आणि सह्या घेतल्या. शेजाऱ्यानं सही करायच्या आधी वही माझ्याकडं सरकवली.

'काय लिहायलेत बघ की रे,' म्हणाला.